शिकवणाऱ्यांचे शिक्षण : मधुमेहाच्या शुश्रूषेची शंभर वर्षे

आजकाल कोणत्याही गावात जा, पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, आठवड्याच्या बाजारात एक शब्द कानी पडतोच. तो म्हणजे ‘शुगर’. कुणाला यंदा शुगर निघालेली असते, कुणाची वाढलेली असते, कुणाच्या व्याह्याचा पाय शुगरपायी कापावा लागलेला असतो. एके काळी हा शहरातल्या बैठ्या कामाच्या, खात्यापित्या घरच्या माणसांचा आजार समजला जाई. आता तसे म्हणायची सोय उरलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह असावा, असा अंदाज त्यात दिला आहे. म्हणजे हा प्रश्न आता आपल्या आळीतला आहे, आपल्या घरातला आहे.

मी काही वैद्य नव्हे. इतिहास शिकवणे हा माझा व्यवसाय. तेव्हा औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु या रोगाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, जे सहसा सांगितले जात नाही आणि जे खेड्यातल्या माणसाने आवर्जून ऐकावे असे आहे. मधुमेहाचा इतिहास म्हटला की आपण टोरांटो शहरापाशी येऊन थांबतो. तिथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि गोष्ट संपली, असे पाठ्यपुस्तक सांगते. पण बाटलीतले औषध रोग्याच्या अंगात योग्य वेळी, योग्य मापाने जायचे कसे? ते माप शिकवायचे कोणी? आणि माप बदलले, औषध बदलले, तपासणीची रीत बदलली, तर जो शिकवतो त्याला पुन्हा कोण शिकवणार? आज आपण बघणार आहोत तो इतिहास या प्रश्नांचा आहे.

आपल्याकडे हा रोग फार जुना. सुश्रुतसंहितेत आणि चरकसंहितेत प्रमेहाचे सविस्तर वर्णन आहे. मूत्र मधासारखे गोड होते आणि त्याला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहिले होते. सुश्रुताने उपचारात श्रीमंत आणि गरीब असा भेद केला आहे. ज्याच्यापाशी धन नाही त्याने पायांत जोडे न घालता, डोक्यावर छत्री न घेता शंभर योजने चालावे, गाई राखाव्यात, विहिरी खणाव्यात, असा त्याचा सल्ला. शरीराला श्रम द्यावेत हे यातले सार आजही डॉक्टर सांगतात. पण ‘पायांत जोडे न घालता’ हे तेवढे ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

आता एकदम अमेरिकेतील बोस्टन शहरात जाऊ. १८९८ साली तिथे इलियट जॉस्लिन नावाच्या तरुण डॉक्टराने आपला दवाखाना सुरू केला. त्यांच्या आईलाही मधुमेह होता. जॉस्लिन यांची एक सवय मोठी विलक्षण होती. एखादा सावकार खतावणी ठेवतो तशी ते रोग्यांची खतावणी ठेवीत. कोण रोगी कधी आला, काय खात होता, वजन किती, पुढे त्याचे काय झाले, सारे नोंदलेले. त्या काळी हाती औषध असे काहीच नव्हते. न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी उपासाचा उपचार काढला होता. रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवायचे, भाज्या तीन-तीनदा उकळून त्यांतले पिष्ट काढून टाकायचे आणि तेवढ्यावर त्याला जगवायचे. त्याने मरण काही महिने, क्वचित काही वर्षे लांबे. पोरे हाडांचा सापळा होऊन पडून राहत.

या उपचारात डॉक्टरांचे काम थोडे आणि परिचारिकेचे फार. प्रत्येक घास तराजूत तोलायचा, प्रत्येक वेळची लघवी तपासायची, रडणाऱ्या मुलाला आणखी खायला द्यायचे नाही, आणि हे सारे घरच्या माणसांना समजावून सांगायचे. जॉस्लिन यांच्या ध्यानात आले की, या रोगात डॉक्टर रोग्यापाशी असतो दिवसातली चार मिनिटे, उरलेला वेळ रोगी स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतो. म्हणून १९१८ मध्ये त्यांनी रोग्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी मिळून एकच मार्गदर्शिका लिहिली. डॉक्टर आणि रोगी यांनी एकच पुस्तक वाचायचे, ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती.

पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्रयोग सुरू केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई टोचली. ती फारशी लागू पडली नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा सुया दिल्या, तेव्हा मुलगा सावरू लागला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात जॉस्लिन यांनी बोस्टनमध्ये इन्सुलिनची पहिली सुई दिली ती एलिझाबेथ मज यांना. या बाई स्वतः परिचारिका होत्या आणि उपासाच्या उपचाराने अगदी खंगून गेल्या होत्या. काही आठवड्यांतच त्या हिंडू-फिरू लागल्या.

औषध मिळाले खरे, पण त्याबरोबर एक नवीच अडचण उभी राहिली. हे औषध पोटातून चालत नाही, ते टोचावे लागते. तेही एकदा टोचून भागत नाही, दिवसातून दोन-तीनदा, जन्मभर. कमी पडले तर विषार वाढून रोगी मूर्च्छेत जातो, जास्त झाले तर साखर एकदम उतरून तो घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो. हे सारे एखाद्या शेतकऱ्याच्या घरी, डॉक्टरापासून वीस कोसांवर कोण सांभाळणार? काचेची पिचकारी उकळायची कोणी, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची कोणी, आणि किती टोचायचे ते ठरवायचे कोणी?

जॉस्लिन यांचे उत्तर होते, परिचारिका. त्यांनी निवडक परिचारिकांना मधुमेहाचे खास शिक्षण दिले आणि रोग्यांच्या घरी धाडले. या बायका ‘भटक्या परिचारिका’ म्हणूनच ओळखल्या जात. त्या घरी जाऊन मुक्काम करीत, आईला सुई टोचायला शिकवीत, स्वयंपाकघरात उभे राहून भाकरीचा तुकडा तोलून दाखवीत, मुलाच्या शिक्षकांना भेटत. रुग्णालयात तर जॉस्लिन यांनी चक्क वर्ग भरवले. रोग्यांनी यायचे, बाकावर बसायचे, फळ्यावरचे वाचायचे, प्रश्न विचारायचे. १९३२ मध्ये ऑक्सफर्ड या मॅसॅच्युसेट्समधल्या गावी मधुमेही मुलींसाठी उन्हाळी शिबिर सुरू झाले. मुली पोहत, खेळत, आणि खेळता-खेळता स्वतःची सुई स्वतः घ्यायला शिकत. ज्याला या रोगाचे ज्ञान अधिक त्याचे आयुष्य अधिक, अशी जॉस्लिन यांची श्रद्धा होती. ते रोग्याला तीन घोड्यांच्या रथाचा सारथी म्हणत. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे ते तीन घोडे.

ही गोष्ट केवळ बोस्टनचीच नाही. पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे डॉ. एर्नेस्तो रोमा यांनी १९२६ मध्ये गरीब मधुमेह्यांच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. मधुमेह्यांसाठीची ही जगातली सर्वांत जुनी संस्था मानतात. फुकट इन्सुलिन द्यायचे आणि त्याबरोबर ते वापरायचे शिक्षण द्यायचे, असा तिचा परिपाठ. एकावाचून दुसरे व्यर्थ, हे रोमा यांना पहिल्यापासून पटलेले होते.

लंडनची हकीगत आणखी मनाला भिडणारी आहे. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स हे तरुण शल्यवैद्य होते. प्रेतावर कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करीत असता हाडाची एक कपची त्यांच्या डोळ्यात उडाली. डोळा बिघडला, आणि त्या तपासणीत मधुमेह निघाला. साल १९२०. तेव्हा या निदानाचा अर्थ एकच होता. आपल्या माणसांसमोर झिजून मरू नये म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्सला जाऊन राहिले आणि तिथे जमेल तशी डॉक्टरी करू लागले. १९२३ मध्ये लंडनहून मित्राचा निरोप आला की इन्सुलिन मिळाले आहे, लागू पडते आहे, ताबडतोब निघून ये. लॉरेन्स मोटार चालवत परत आले आणि जगले. त्यांनी १९२५ मध्ये रोग्यांसाठी पुस्तक लिहिले, आणि १९३४ मध्ये सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांच्या साहाय्याने मधुमेह्यांची संघटना उभी केली. वेल्स हे स्वतः मधुमेही होते आणि लॉरेन्स यांचे रोगी. लॉरेन्स १९६८ पर्यंत जगले.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. रोग्याला शिकवावे लागते आणि शिकवायला शिकलेली परिचारिका लागते. पण खरा प्रश्न पुढेच येतो. असे समजा की, एक हुशार मुलगी १९२३ मध्ये हे सारे शिकून तयार झाली. तिचे शिक्षण पुढे तिला किती वर्षे पुरले असते?

फार थोडी वर्षे. १९३६ मध्ये डेन्मार्कचे हागेडॉर्न यांनी इन्सुलिनमध्ये प्रोटॅमिन मिसळून ते सावकाश काम करणारे केले. १९४६ मध्ये त्याची आणखी सुधारलेली जात आली, ती आजही वापरात आहे. हे दुधट औषध बाटली हलक्या हाताने घोळवून घ्यावे लागते, ती न घोळवता घेतले तर माप चुकते. १९२३ मधल्या त्या मुलीला हे कोणी सांगितलेच नव्हते. लघवीची तपासणी घ्या. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. रंग हिरवा झाला तर थोडी साखर, पिवळा-नारिंगी झाला तर अधिक, विटेसारखा लाल झाला तर फार. आपल्यापैकी जुन्या शिक्षकांनी प्रयोगशाळेत हे केले असेल. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि साखर फार कमी झाली असेल तर ही परीक्षा काहीच सांगत नाही. १९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबावरून साखर दाखवणाऱ्या पट्ट्या निघाल्या, १९७० मध्ये त्या वाचणारे यंत्र आले. पुढे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी आली. १९८५ मध्ये इन्सुलिनचे पेन निघाले. आहाराचे विचारही बदलले. उपासमार गेली, भातभाकरीवरची सरसकट बंदी गेली, आणि किती, केव्हा, कशाबरोबर खावे, याचा विचार आला. म्हणजे एका परिचारिकेच्या सेवाकाळात तिला निदान चार-पाच वेळा नव्याने शिकायला हवे होते, आणि जे शिकली नाही ती प्रामाणिकपणे चुकीचे शिकवत राहिली असेल.

प्रामाणिकपणे केलेली चूक किती महाग पडते, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले देतो. ते घरात मधुमेही असलेल्या प्रत्येकाने नीट वाचावे. इन्सुलिन मापण्याच्या सिरिंज दोन प्रकारच्या असतात. ४० एककांची सिरिंज, तिची टोपी लाल, आणि १०० एककांची, तिची टोपी नारिंगी. औषधही दोन ताकदींचे असते. एका मिलिलिटरमध्ये ४० एकक किंवा १०० एकक. औषध आणि सिरिंज यांची जोडी जुळलीच पाहिजे. १०० च्या बाटलीतले औषध चुकून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात २० नव्हे, ५० एकक जातात. अडीच पट! रात्रीतून साखर उतरून माणूस दगावू शकतो. उलट ४० चे औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतले तर जातात फक्त ८ एकक, आणि औषध चालू असूनही साखर का वाढते, ते कुणालाच कळत नाही.

हाच घोटाळा टाळण्यासाठी ब्रिटनने १९८३ मध्ये सारे इन्सुलिन १०० च्या एकाच मापावर आणले. अमेरिकेत हे त्याआधीच्या दशकात सुरू झाले होते. आपल्याकडे अजून दोन्ही मापे नांदतात. बाटल्या बहुधा ४० च्या, पेनमधली औषधे १०० ची. म्हणून आपल्या परिचारिकेला, औषधाच्या दुकानदाराला आणि रोग्याला तिकडच्यापेक्षा अधिक शिकण्याची गरज आहे, कमी नव्हे.

शिकवल्याने खरोखर काही फरक पडतो का, असा व्यवहारी प्रश्न कुणी विचारील. विचारलाच पाहिजे. सरकारी पैसा लागतो, परिचारिकेचा वेळ लागतो. याचे एक उत्तर लॉस एंजलिसच्या गरिबांच्या सरकारी रुग्णालयाने दिले. तिथे डॉ. लिओना मिलर यांनी रोग्यांना शिकवण्याची व्यवस्था केली आणि एक साधी सोय ठेवली. अडचण आली की दूरध्वनी करायचा, पलीकडे शिकलेली परिचारिका असे. त्यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या मूर्च्छेने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे दोन-तृतीयांशाने घटली होती. नवे औषध त्यात काही नव्हते. अटलांटा शहराच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातही १९७० च्या दशकात असेच घडले. शिक्षण आणि पायांची काळजी यांवर भर दिल्यावर पाय कापण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

त्याच सुमारास या कामाला व्यवसायाचे रूप आले. १९७३ मध्ये अमेरिकेत मधुमेह-शिक्षकांची संघटना स्थापन झाली. १९८६ मध्ये तिकडे त्यांच्यासाठी परीक्षा सुरू झाली. आणि इथे एक महत्त्वाचा नियम केला गेला. प्रमाणपत्र जन्मभराचे नाही, पाच वर्षांचे. पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर मधल्या काळात ठरावीक तास शिकल्याचे दाखवा. युरोपात जिनिव्हाचे डॉ. झाँ-फिलिप असाल यांनी तर डॉक्टरांनाच शिकवायला बसवले. रोगाचे ज्ञान असणे निराळे आणि ते दुसऱ्याच्या गळी उतरवणे निराळे, ही गोष्ट आपण शिक्षक मंडळी पहिल्या वर्षीच शिकतो. डॉक्टरांना ती कुणी शिकवलेलीच नव्हती.

शेवटी १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडा येथील एका मोठ्या प्रयोगाने सगळ्या शंका संपवल्या. १४४१ रोग्यांवर तो १९८३ पासून चालला होता. ज्यांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांनाही मोठा लाभ झाला. पण त्याचबरोबर साखर एकदम उतरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे उपचार जितका चांगला, तितकी तो सांभाळणाऱ्याची तयारी अधिक हवी. त्या प्रयोगातले रोगी एकटे नव्हते. परिचारिका आणि आहारतज्ज्ञ त्यांच्याशी सतत संपर्क ठेवून होत्या. आपण तिकडचे औषध घेतले आणि तिकडची परिचारिका घेतली नाही, तर तिकडचे फळ इकडे कसे मिळणार?

आता सुश्रुताच्या त्या अनवाणी पायांकडे वळू. मधुमेह बरीच वर्षे राहिला की पायांची संवेदना मंदावते. खडा टोचला, चटका बसला, तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. या पायांवरचे ज्ञान जगाला मिळाले त्याचा मोठा वाटा आपल्या देशातला आहे. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करू लागले. बोटे झडतात ती रोगाने मांस सडते म्हणून, असा तेव्हा सर्वांचा समज होता. ब्रँड यांना आढळले की तसे नाही. वेदना कळत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि पाय त्यामुळे झिजतो. तेव्हा मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला तयार झाल्या. अमरावतीच्या तपोवनात किंवा वरोऱ्याच्या आनंदवनात ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना अशा चपला अपरिचित नसतील. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तिथून हे ज्ञान मधुमेह्यांच्या पायांपर्यंत पोचले. पायाला टेकवून पाहण्याचा नायलॉनचा एक तंतू असतो, तो १० ग्रॅमच्या जोराने वाकतो. तो टेकवलेला कळला नाही तर पाय धोक्यात आहे असे समजावे. ही तपासणीही त्या कारव्हिलमध्येच पक्की झाली.

विचार करा, किती साधे हत्यार हे! वीज लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही. गावातली आरोग्यसेविका दोन मिनिटांत ही परीक्षा करू शकते. मात्र ती करायची असते हे तिला कुणीतरी सांगायला हवे, आणि एकदाच नव्हे, वरचेवर. आपल्या बापजाद्यांनी अनवाणी चालण्याला पुण्य मानले. वारीला, नवसाला आपण अनवाणी जातो. मधुमेह्याने मात्र ते करू नये, हे गावात त्याला पटेल अशा शब्दांत सांगायला परका माणूस उपयोगाचा नाही. तिथे आपल्यातलीच आशाताई हवी.

आपल्याकडे या कामाची सुरुवात उशिरा झाली असे नाही. मद्रासमध्ये डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये मधुमेहाचा स्वतंत्र दवाखाना सुरू केला. मुंबईत डॉ. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये मधुमेह्यांसाठी अखिल भारतीय संघटना निघाली. रोग्यांचे शिक्षण हे तिचे एक मुख्य काम. पण हे सारे शहरात. खेड्यातली आरोग्यव्यवस्था उभी राहिली ती १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून, आणि तिच्या डोळ्यांसमोर होते हिवताप, देवी, क्षय आणि बाळंतपण. ते रास्तच होते. त्यामुळे उपकेंद्रातल्या परिचारिकेला लस टोचायला शिकवले, बाळंतपण करायला शिकवले. मधुमेह तिच्या अभ्यासक्रमाच्या कडेला राहिला. २०१० मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली. आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरील माणसांचा तक्ता भरतात, आरोग्यसेविका बोट टोचून साखर बघतात.

हे फार मोठे पाऊल आहे. पण बोट टोचून आकडा कळला, पुढे काय? तो आकडा रोग्याला समजावून सांगणे, गोळी का थांबवायची नाही हे पटवणे, इन्सुलिन घ्यायची पाळी आली तर त्याची भीती घालवणे, ते उन्हाळ्यात कसे ठेवायचे हे दाखवणे, हे खरे काम. फ्रिज नसेल तर बाटली माठाच्या गारव्यात ठेवता येते, आणि फ्रिज असलाच तर बर्फाच्या कप्प्यात कधी ठेवायची नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. अशा शंभर बारीकसारीक गोष्टी आहेत. त्या एका दिवसाच्या प्रशिक्षणात येत नाहीत. सकाळी नोंदणी, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, अशा शिबिरांचा अनुभव आम्हा शिक्षकांनाही आहे. वही कपाटात जाते आणि काम पहिल्यासारखेच चालू राहते. डॉक्टरांना नोंदणी नवी करताना ठरावीक प्रमाणात नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. जी बाई रोज दारोदार जाते, तिच्या शिक्षणाची तितकीच निश्चित, दरवर्षीची व्यवस्था असावी, तिला ते शिक्षण तिच्या भाषेत मिळावे, आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये, एवढे मागणे काही अवाजवी नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक वेगळी विनंती आहे. मधुमेह लहान मुलांनाही होतो, आणि त्यांना बहुधा इन्सुलिनवाचून गत्यंतर नसते. असे मूल तुमच्या वर्गात असेल. सकाळची सुई घेतली, डबा खायला उशीर झाला, कवायतीत धावले, आणि एकदम घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर ते ढोंग नव्हे. साखर उतरली आहे. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच पाजावी. पंधरा मिनिटे जवळ बसावे, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावी, मग काही खायला घालावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर निजवून तातडीने दवाखान्यात न्यावे. शाळेच्या कपाटात साखरेची एक पुडी ठेवायला खर्च तो काय? आणि डबा वेळेआधी खायची परवानगी मागणाऱ्या मुलाला ‘आता नाही’ म्हणण्यापूर्वी एकदा कारण विचारावे.

बोस्टनच्या त्या भटक्या परिचारिका मुलांच्या शिक्षकांना भेटत, हे मी वर सांगितले. आपल्याकडे हे उलट बाजूनेही करता येईल. तुम्हीच उपकेंद्रात जा. तिथल्या ताईंना पालकसभेला बोलवा. तिला विचारा, पाय कसे तपासतात ते आम्हाला दाखवाल का, लाल टोपीची आणि नारिंगी टोपीची सिरिंज आणून दाखवाल का? विचारणारे भेटले की सांगणाऱ्यालाही आपले ज्ञान ताजे ठेवावे लागते. वर्गात एखादा चौकस विद्यार्थी असला की आपणही आदल्या रात्री पुस्तक उघडून बसतो, तसेच हे आहे.

आणि ज्या घरी इन्सुलिन येते, त्या घरच्या माणसांनी एवढे अवश्य करावे. आज संध्याकाळी बाटली हातात घ्या, तिच्यावर ४० लिहिले आहे की १०० ते वाचा, सिरिंजच्या टोपीचा रंग पाहा. जोडी जुळत नसेल तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना किंवा केंद्रातल्या ताईंना विचारा.